चार सॉकेट आणि मामा

गाडीला मोबाईल चार्जिंगचे सॉकेट खुशाल बसवा यार, फक्त मामाला सांगू नका!

मी नांदेडात हौसेनं चार बसवले आणि मुरुडजवळ मामाच्या गावी गेलो. तिथून मामाला मागं बसवून लातूरला मुलगी बघायला जायचं होतं. मुलीचे वडील मामाचे दोस्त, आणि मला तर ती फोटोतच लई आवडलेली.

गावात सकाळपासून लाईट नव्हती. मामा पारावरून ओरडला, "आणा रे मोबाईल! भाच्याच्या गाडीवर चार्ज होतेत!"

आता न्हाई कसं म्हणणार? एक जण तर बॅटरीवरचा फवारणीचा पंपच घेऊन आला. "भाचे, ह्याला बी लावा की!"

दोन तासांनी बटन दाबलं तर बॅटरी पार उतरलेली. माझ्या गाडीला किकच न्हाई. मग अख्ख्या गावानं धक्का मारला. मोबाईल सगळ्यांचे फुल, त्यामुळं व्हिडिओ बी निघाले. मामानं तर लगेच स्टेटसला टाकला.

लातूरला मुलगी पोह्याची प्लेट घेऊन आली, माझ्यासमोर ठेवली आणि हळूच म्हणली, "जाताना धक्का मारायला दादाला पाठवू का?"