वायरताईंनी माउसला हात लावला नाही

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज आपल्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्रातून निवृत्त होणाऱ्या आणि मघापासून मला 'थोडक्यात आटप' अशा खुणा करणाऱ्या आपल्या ताई, निरनिराळ्या शाळांतून आलेले शिक्षक बंधू-भगिनी, आणि चहाच्या वासाने चुळबुळ सुरू झालेली मागची रांग!

मी विज्ञान शिकवते. भाषणाची सवय नाही. पण ताईंविषयी बोलायचं म्हटल्यावर नाही म्हणायला जीभ रेटेना.

ताईंना आपण सगळे पाठीमागे 'वायरताई' म्हणतो. ताई, आज हे कळलंच तुम्हाला, तर राग मानू नका. खांद्यावरच्या पिशवीतून संगणकाच्या वायरींची भेंडोळी लोंबत असताना दुसरं काय म्हणणार?

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती माझ्या घरातली आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्याच शाळेत गणित शिकवतात. त्या इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे, नाहीतर मला आज घरी जायची सोय नाही! त्यांनी फळ्यावर हात फिरवला की कंपासशिवाय गोल वर्तुळ उमटतं. मुलं टाळ्या वाजवतात.

तर, वरून आदेश आला. प्रत्येक शिक्षकाने काही पाठ संगणक आणि पडद्याच्या मदतीने घ्यायचे. अधिकारी ते बघायला येणार. त्याआधी एक प्रशिक्षक येऊन गेले होते. आठवतात ना? "हे असं दाबायचं, मग हे असं, झालं! कळलं?" आपण एका सुरात म्हणालो, "कळलं!" आणि कुणाला काय कळलं होतं, हे आपल्यालाच ठाऊक.

त्या दिवशी जेवताना जाऊबाई म्हणाल्या, "मी राजीनामा देते."

मोठे दीर जेवता जेवता थांबले. "अगं, अजून किती वर्षं आहेत तुझी!"

"असू देत. इतकी वर्षं पोरांनी मान दिला. आता त्यांच्यासमोर चाचपडत उभी राहू? माझ्याने नाही व्हायचं."

त्या रागाने बोलल्या असत्या तर मी मनावर घेतलं नसतं. पण त्या शांतपणे बोलल्या, आणि उठून ताट घासायला लागल्या.

मी ताईंना गाठलं. म्हटलं, काहीतरी करा. ताईंनी ना उपदेश केला, ना आदेशाची भीती घातली. त्या आमच्या शाळेत आल्या आणि जाऊबाईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "बाई, शिकवण्यातलं तुम्हाला मी काय सांगणार? पण मुलं अडतात कुठे?"

जाऊबाईंनी क्षणभर विचार केला. "शंकूछेदात. शंकूचं टोक कापलं की खाली बादलीसारखा आकार उरतो ना, तो. फळा पडला सपाट. मुलांना तो आकार डोळ्यांपुढे येतच नाही."

"मग आपण तेवढंच शिकू," ताई म्हणाल्या. "बाकीचं राहू दे."

शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत त्या दोघी बसू लागल्या. ताई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या. जाऊबाई वैतागायच्या, "अहो, तुम्हीच दाबा ना ते!"

"मी दाबलं तर मला येईल," ताई म्हणायच्या. "मला येतंच आहे."

एकदा केलेली आकृती सगळी पुसली गेली. जाऊबाईंनी पर्स उचलली आणि तडक घर गाठलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण भाजी निवडता निवडता त्यांनी मलाच विचारलं, "काय गं, टोक कापल्यावर तो शंकू आडवा करून आतून दाखवता येत असेल का?" दुसऱ्या दिवशी ताईंच्या आधी त्या खोलीत हजर होत्या!

आणि मग तो पाठ. मागे अधिकारी, मुख्याध्यापक, ताई, आम्ही सगळे. पडद्यावर शंकू फिरला, टोक कापलं गेलं, मुलांनी "आईशप्पथ!" म्हटलं, आणि पडदा काळा झाला.

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. माझीसुद्धा. ताई जागच्या हलल्या नाहीत. हात तसेच पाठीमागे. त्यांचं तोंड मात्र उतरलं होतं, ते मी जवळून पाहिलंय.

जाऊबाई म्हणाल्या, "प्रोजेक्टर रुसलाय. थांबा जरा." वायर काढली, पुन्हा खोचली, रिमोटची दोन-चार बटणं दाबली. चित्र आलं, पण उलटं! मुलं खदखदून हसली. मी डोळे मिटून घेतले.

"हसताय काय?" जाऊबाईंचा आवाज आला. "उलटा झाला म्हणून त्याचं घनफळ बदललं का? सांगा!"

"नाही बाई!"

"का नाही?"

आणि महोदया, आजवर ज्याने वर्गात तोंड उघडलं नव्हतं असा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, बादली पालथी घातली म्हणून लहान होत नाही." अधिकारी आपलं काम विसरून हसायला लागले. ताईंनी तेव्हा कुठे श्वास सोडला.

पुढे एकदा मोठ्या दिरांनी भीतभीत विचारलं, "राजीनाम्याचं काय ठरलं?" त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "कसला राजीनामा? चाचणी तोंडावर आलीय माझ्या पोरांची!"

आपल्यापैकी किती जणांना ताईंनी असं सांभाळलं असेल? यंत्र काय, कुणीही दाखवेल. समोरचा धडपडताना दिसत असूनही मध्ये न पडणं, आणि तरीही त्याला सोडून न जाणं, हे किती जणांना जमतं?

काल केंद्रात ताई आवराआवर करत होत्या, आम्ही दोघी जावा मदतीला. म्हणाल्या, "नव्या शिक्षकांची तुकडी येतेय. त्यांना कोण बघणार, एवढीच काळजी आहे."

जाऊबाई म्हणाल्या, "मी बघणार. मुख्याध्यापकांना विचारून आलेय. शाळा सुटली की येत जाईन."

ताईंनी खांद्यावरची ती वायरींची पिशवी काढून जाऊबाईंच्या हातात दिली.

मला बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल आयोजकांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, किंवा घरातले चार शब्द जास्त सांगितले गेले असतील, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. ताई, सुखात राहा. नमस्कार.