नवसाचे केस

रोह्याच्या दवाखान्यात बाकावर एस्थरबाई डोळ्यांत थेंब घालून घ्यायला बसल्या होत्या. शेजारी धाटावच्या कंपनीतला काळुराम आणि आजच निरोप मिळून कळंबोलीहून नुकताच पोचलेला एक म्हातारा सरदारजी.

"बलजीत शिडीवरून पडला, पापाजी. तीन दिवस शुद्ध नव्हती. आज सकाळी डोळे उघडले."

"वाहेगुरू. काय म्हणतो माझा मुलगा?"

"बोलत नाय. भिंतीकडं तोंड करून पडलाय."

"टाके पडले?"

"चार. कंपाउंडर तेवढ्यापुरतेच केस काढनार होता."

"मग?"

"डॉक्टर बोलला, भरवसा नाय. मी एकवीरेला नवस बोललो. धीर निघंना, म्हणून न्हाव्याला इथंच आनला. दाढीपन काढली."

एस्थरबाईंच्या हातातली चिठ्ठी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"सगळे केस?"

"सगळे. कार्ल्याला जाऊन वाहून आलो."

"पुत्तर, द्यायचेच होते तर स्वतःचे द्यायचे."

"माझे काय, दर महिन्याला न्हावी झाडून टाकतो. बलजीत रोज पहाटे उठून विंचरायचा. मास्क बसत नाय म्हणून साहेबानं दाढी काढायला सांगितली, तर नोकरी सोडाया निघाला. त्याच्याकडं यापरीस मोलाचं काय हाय? देवीला हलकं कसं देनार, पापाजी?"

म्हातारा उठून वॉर्डच्या दारापर्यंत गेला.

"त्याला हे कुणी सांगितलं?"

"कोनी नाय. डोळे उघडल्यावर त्यानं पयला डोक्यालाच हात लावला."