दीड किलोचा स्टँड

या मजनून, अरे वेड्या, लाथ कशाला मारलीस, लाथ कशाला मारलीस, असा अरबाब ओरडत होता, आणि ओरडणं कसं, कतारातल्या समैस्माच्या किनाऱ्यावरची पाखरं उडाली ती थेट इराणात जाऊन उतरली असतील, आणि इकडे माझ्या बुटाखाली कोऱ्या करकरीत ट्रायपॉडचा एक पाय मोडून पडलेला. उरले दोन. दोन पायांवर माणूस उभा राहतो, दुर्बीण नाही राहत. काय सांगू तुम्हाला, मी हे काय केलं ते माझं मलाच कळेना.

पण मुळापासून घ्या. मी इब्राहिम, रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. बाप तरीवर होता, माणसं इकडून तिकडे नेण्यात त्याचा जन्म गेला आणि मी मात्र नव्वदीच्या शेवटी कतारला गेलो तो एकाच जागी उभा राहायला. सर्वेचा हेल्पर. साहेब यंत्रातून बघणार, मी यंत्राचा ट्रायपॉड खांद्यावरून वाहणार. दोह्याहून अल वक्र्याला रस्ता जातो ना, तो आधी माझ्या खांद्यावरून गेला, मग जमिनीवर. आमचा ट्रायपॉड लाकडाचा, पायांना लोखंडी टोकं, टोकाच्या वर पाऊल द्यायला पट्टी. मांडला की तिन्ही पायांवर बुटाचा दणका द्यायचा, रुतवायचा, नाहीतर वाऱ्याने यंत्र हलतं आणि रस्ता उंटासारखा वाकडा जातो. आठ वर्षं दणके दिले. झोपेतसुद्धा देतो म्हणून खोलीतल्या पठाणाने पलंग बदलून घेतला, खोटं नाही सांगत.

तर आमच्या कंपनीचा मालक, त्याला आम्ही अरबाब म्हणायचो, त्याला शिकारीचा नाद. त्या वर्षी कुठल्याशा बर्फाच्या मुलखात डोंगरात पायी जाऊन रानबकरे मारायचं ठरलं. बकरा दिसणार समोरच्या डोंगरावर, म्हणून मोठी दुर्बीण, आणि दुर्बिणीला स्टँड, पण हलका, कारण वर गाडी जात नाही. मला बोलावलं. म्हणाला, इब्राहिम, तू आठ वर्षं स्टँड वाहिलेस, तुझ्याएवढं कोणाला कळतं, तू निवड. त्याच वेळी माझा रजेचा कागद त्याच्या टेबलावर. तीन वर्षं घरी गेलो नव्हतो. मागल्या रजेनंतर मुलगी झाली, शमा, ती मी फोटोतच बघितलेली. अरबाब कागदावर बोट ठेवून म्हणाला, स्टँड चांगला निघाला तर सही, नाही निघाला तर खलास.

दुकानात गेलो आणि डोकं फिरलं. केरळचा सेल्समन विचारतो, कार्बन की अॅल्युमिनियम, पाय तीन जोडांचे की चार, मधली दांडी हवी की नको. वर म्हणतो, हे नुसते पाय, डोकं वेगळं घ्यावं लागेल. मी म्हटलं, अरे बाबा, मी स्टँड घ्यायला आलोय की खाटकाकडे आलोय, पाया वेगळा, मुंडी वेगळी? तो हसेना. शेवटी दोन दिले, बघून एक परत करा म्हणाला. एक किलोभराचा, करंगळीवर नाचवावा असा, पाय अगरबत्तीच्या काडीएवढे. दुसरा दीड किलोचा. हलका मागितलाय तर हलकाच द्यावा, असा मी विचार केला. तिथेच फसलो.

शुक्रवारी समैस्माला गेलो. हलका मांडला, मधली दांडी वर काढली, अरबाबने डोळा लावला आणि म्हणाला, होड्या चार आहेत. होडी एकच होती, वाऱ्याने चार दिसत होत्या. मी म्हटलं, थांबा, आणि आठ वर्षांच्या सवयीने पाय उचलला आणि दिला दणका. कट्ट!

तो ओरडून दमला तेव्हा मी छाती काढून म्हटलं, अरबाब, मी मुद्दाम मोडला. इथे माझ्या पायाने मोडला, तिथे बर्फात तुमच्या हातात मोडला असता. त्याने तुटका पाय उचलून बघितला. तेवढ्यात मी दुसरा काढला, पाय फाकवून बुटका केला, बसूनच तर बघायचंय, उंची कशाला, मधली दांडी खाली दाबली, रुमालात दगड बांधून खाली लटकवले. आता बघा. होडी अशी थांबली, की आतला माणूस खजूर खाऊन बी कुठल्या बाजूला थुंकतो तेही दिसलं. अरबाब उठला, माझी पाठ थोपटली, म्हणाला, असा माणूस डोंगरात बरोबर पाहिजे. तू चल. आणि रजा? रजा नंतर, इन्शाल्ला.

मी जिंकलो की हरलो, हे मला आजही नीट उमगलेलं नाही. तो मोडका स्टँड अरबाबने मलाच दिला. आज गावी पडवीत आहे, एका पायाला कळकाची काठी बांधलेली, त्यावर भोपळ्याचा वेल चढवलाय, अल्लाच्या मेहेरबानीने भोपळे धरतात.

पण त्या शुक्रवारी बूथवर जाऊन बायकोला फोन लावला होता. जैबुनला सगळं सांगितलं, चार होड्या, दगड, अरबाबची शाबासकी, आणि शेवटी, रजा पुढे गेली म्हणून, पण स्टँड काय निवडलाय, जैबुन, सगळा मिळून दीड किलो!

ती म्हणाली, शमा बारा किलोची झाली.