उद्याची साक्ष

(लातूर. वकील दामिनीची कचेरी. समोर आरोपी संगमेशची आई, नीलम्मा.)

दामिनी : परत सांगा. पण पाठ केल्यासारखं नको. मागं एक साक्षीदार असा धडाधडा बोलला की जजसाहेबच हसले.

नीलम्मा : शेषेरावाच्या डोक्यात काठी कुनी घातली, मला ठाव न्हाई. त्या दिशी सांजच्या आठाला माझा संगमेश घरी व्हता. बास.

दामिनी : ठीक. आता मी सरकारी वकील, तुम्ही पिंजऱ्यात. घाबरायचं नाही.

नीलम्मा : घाबरायला मी काय चोरी केली का? इच्यारा.

दामिनी : आठच वाजले होते, कशावरून?

नीलम्मा : टीव्हीवर आठाची मालिका लागली व्हती.

दामिनी : वा! मुलगा काय करत होता?

नीलम्मा : भित्तीला टेकून बसला व्हता.

दामिनी : जेवला?

नीलम्मा : न्हाई.

दामिनी : का? भांडण झालं होतं घरात?

नीलम्मा : न्हाई वो. उलीशी भाकर खा म्हनलं. पन गळ्यात लिंग नव्हतं त्याच्या. आमच्या लिंगायतांत गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याबिगर घास घेत न्हाईत, सरकारी वकीलसाहेब! दोन दिस लेकरू उपाशी. तिसऱ्या दिशी स्वामींनी दुसरं लिंग बांधलं, तवा जेवला.

दामिनी : पहिलं कुठं गेलं?

नीलम्मा : पडलं म्हनला. दोरा तुटून.

दामिनी : सकाळी होतं गळ्यात?

नीलम्मा : व्हतं की. सकाळची पूजा माझ्या म्होरंच केली त्यानं... असं कामून बघायलाव, बाई?

दामिनी : हल्ला आठच्या जरासा आधी झाला. शेषेरावला अंधारात तोंड दिसलं नाही. पण झटापटीत त्यानं मारणाऱ्याच्या गळ्याला हात घातला होता. मुठीत तुटका दोरा राहिला. तो कोर्टात आहे, ताईताचा असेल म्हणून कागदावर लिहिलंय. पाचव्या दिवशी संगमेशला अटक झाली, तेव्हा त्याच्या गळ्यात लिंग होतं. म्हणून कुणाला शंका आली नाही. मलाही नाही.

नीलम्मा : ...मग जेवला म्हनते मी. दोन भाकरी खाल्ल्या म्हनते.

दामिनी : नाही. उद्या तुम्ही पिंजऱ्यात जायचंच नाही.

नीलम्मा : म्हंजी केस सोडायलाव तुमी?

दामिनी : सोडत नाही. अठरा वर्षं हेच करते आहे मी. गुन्हा शाबीत करणं सरकारचं काम, त्यांचा पुरावा कच्चा आहे ते दाखवणं माझं. तेवढं मी जीव तोडून करीन. खोटं मात्र मी वदवून घेणार नाही, तुमच्याकडून तर नाहीच.

नीलम्मा : माझ्याच तोंडानं घात केला असता लेकराचा.

दामिनी : माझीही चूक आहे. दीड वर्षात तो जेवला का, हे मी एकदाही विचारलं नाही. माझाच राग येतोय मला.

नीलम्मा : बाई, तुमाला काय वाटायलंय? त्यानंच मारलं आसंल का?

दामिनी : अशिलाला हे मी कधी विचारत नाही. तुम्ही आई आहात. तुम्ही विचारलंत?

नीलम्मा : न्हाई.

दामिनी : दीड वर्षात एकदाही नाही?

नीलम्मा : माझ्यासंगं तो कधी खोटं बोलत न्हाई, बाई. कसं इच्यारू?