आई कोणाकडे असते

"हॅलो? … हो, मीच. बोल दादा."

भावाचा फोन येणार हे तिला रजेच्या नव्या कायद्यावरच्या सभेतून घरी येतानाच ठाऊक होतं. ती शहर बसची ड्रायव्हर. फोन कान आणि खांद्यात दाबून ती आईची गोळी चमच्यात कुस्करत राहिली.

"ओरडू नकोस. आई जागी आहे… हो, उठले मी सभेत. बोलले. मग? … कोणाची अब्रू? … अरे ऐक. ऐकशील का? व्यापारी संघाचा अध्यक्ष म्हणून तू कायद्याला विरोध कर, खुशाल कर. घरच्या आजारी माणसासाठी नोकरदाराला भरपगारी रजा दिली तर दुकानं बुडतील म्हण, काय हवं ते म्हण. पण 'आमच्याही घरी आजारी आई आहे, आम्ही सांभाळतोच की, सरकारपुढे हात नाही पसरला', हे माईकवरून बोलायला कोणी सांगितलं होतं? … आम्ही म्हणजे कोण, दादा?"

पलीकडचा आवाज बराच वेळ चालू राहिला. तिने आईची मान उचलून चमचा ओठांशी नेला. पक्षाघातानंतर आईची डावी बाजू गेली होती. अर्धं औषध हनुवटीवर ओघळलं. तिने ते बोटाने पुसलं.

"हो, हो… तेवढंच म्हणाले. 'अध्यक्षसाहेब, आई माझ्याकडे असते.' वर एक शब्द नाही. … लोक हसले त्याला मी काय करू? … मुद्दाम? मुद्दामच. …

"कसला खुलासा? … गैरसमज झाला म्हणून लिहून देऊ? तुझ्या संघाला? … नाही देणार. … नाही म्हणजे नाही, किती वेळा सांगू."

तिचा आवाज चढला तशी आईची उजवी मूठ चादरीवर आवळली. ती उठून खिडकीशी गेली.

"आता तू ऐक. आई झटका येऊन बाथरूममध्ये पडली तेव्हा मी कुठे होते? स्टिअरिंगवर. शेजारीण कुलूपबंद दाराबाहेरून तिचं कण्हणं ऐकून डेपोत फोन करत होती, आणि साहेब मला म्हणाले, गाडी भरलेली आहे, फेरी पूर्ण कर. केली. प्रत्येक थांब्यावर थांबले, लोकांना चढू दिलं, उतरू दिलं. घरी आले तेव्हा ही ओल्या फरशीवर तशीच. … तुलाही केला होता रे फोन. तू मीटिंगमध्ये होतास. … तेव्हापासून तिने पाऊल टाकलेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मी घरी राहिले म्हणून मला नोटीस. …

"काय म्हणालास? … परत बोल. … डेपो मॅनेजर तुझ्या ओळखीचे आहेत? … अच्छा. म्हणजे माझ्या नोकरीचं काय करायचं ते आता तू ठरवणार. … सांग त्यांना. आजच सांग. कायद्याच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर त्यांचाही हात वर होता. अर्ध्याहून जास्त हॉल होता, दादा, तुझे दुकानदारसुद्धा. तू खाली मान घालून कागद आवरत होतास. शेवटच्या रांगेत वहिनींचाही होता. …

"खोटं कशाला बोलू? घरातच आहेत ना, विचार."

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग दूरवर दोन आवाज, एक चढा, एक संथ. वहिनींचं नाव घ्यायला नको होतं, असं तिला वाटून गेलं. घरात त्यांना त्याच्याबरोबर राहायचं होतं, हिला नाही.

"हॅलो? … वहिनी? अहो, रागाच्या भरात निघून गेलं तोंडातून… हो? तुम्हीच सांगितलंत त्याला, हात वर केला म्हणून? … बरं केलंत. … आई ठीक आहे. आत्ताच औषध दिलं. …

"उद्या दहाची पाळी. आता दांडी मारली तर कायमची घरी बसवतील. एरवी आईकडे बघणारी शेजारीणही गावाला गेलीय… तुम्ही येता?"

तिने खिडकीच्या चौकटीला डोकं टेकलं. 'या' म्हणायला किती सोपं होतं.

"नको, वहिनी. … छे, तुमच्यावर कशाला रागावू? तुम्ही तुमच्या वडिलांसाठी नोकरी सोडलीत, मी पाहिलंय. पण तुम्ही आलात की तो सुटला. … त्यालाच पाठवा. कूस कशी बदलायची, चादर कशी काढायची, सगळं दाखवेन. … नाही आला तर आईला व्हीलचेअरवर घालून दुकानात आणेन, त्याच्या गल्ल्याशेजारी बसवेन आणि ड्यूटीवर जाईन. … हो. ऐकतोय ना तो? ऐकू दे."

पलीकडे दादा पुन्हा सुरू झाला होता. तिने फोन ठेवला, आणि उद्याचा गणवेश इस्त्रीला काढला.