बर्लिनच्या गाडीची पीयूसी

हे मी रचलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. २००८चा डिसेंबर. माणिकपूरला गाड्यांचा धूर तपासणाऱ्या व्हॅनपुढे रांग होती. माझ्यापुढे रिक्षावाला सदानंद, त्याच्यापुढे बागायतदार बॅप्टिस्टकाका, तेही पायी.

"काका, गाडी कुठाय?" सदानंदने विचारलं.

"बर्लिनला. आमच्या मुलाची, ऑस्करची."

"मग धूर काय पिशवीतून आणलात?"

"नंबर आणलाय. इथे तेवढ्यावर भागतं म्हणतात."

"तिकडे कशाला आपली पीयूसी?"

"यंदापासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी आहे. काचेवर बिल्ला असला तरच आत सोडतात. त्याच्या गाडीला बिल्ला देत नाहीत."

"नवी घे म्हणावं."

"झेपत नाही त्याला. सुनेच्या बाळंतपणाला माझी बायको कार्मिन गेली, ती तिकडेच वारली. कबर शहराच्या मधोमध. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तिथे एक मेणबत्ती लागली नाही."

"गाडीमुळे?"

"गाडीमुळे."

"राग मानू नका काका, पण तिकडे ट्राम असेल की."

"कबरस्तानच्या फाटकासमोरच थांबते. मातीला मी ट्रामनेच गेलो होतो."

"मग?"

"रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की कार्मिन विचारते, पोरगा का नाही आला. मी गाडीचं सांगतो."

व्हॅनमधून हाक आली, "चला, पुढचा कोण?"

"तू हो पुढे, सदा."

"अहो, नंबर तुमचा आहे."

"हो रे. पण कागद मिळाला आणि तरी तो गेला नाही, तर तिला काय सांगू?"