कापराच्या झाडाखालची हाक

ऐका. शेकोटीत ते लाकूड सारा आणि ऐका. मधे कुणी बोलायचं नाही, मला मग सुचत नाही.

घाटाच्या वळणावर कापराचं झाड आहे ना, कुण्या साहेबानं बंगल्यापाशी लावलेलं? बंगला पडला, झाड वाढलं. आम्ही त्याचा पाला चुरगळून सर्दीला हुंगायचो, गोधड्यांत घालायचो, कसर लागत नाही. पण दिवसा. दिवे लागले की तिकडं कुणी फिरकत नसे. कापूर जळतो आणि मागं राख ठेवत नाही. जीवानंही तसंच जावं म्हणून आमच्यात चितेला कापूर लावतात. ज्यांना तो मिळाला नाही, ते त्या झाडाखाली अडकतात, असं जुनी माणसं सांगायची.

तर माझी बायको सुंदरा दिवेलागणीला गेली. तापानं. सकाळी न्यायचं ठरलं. कापराची डबी उघडली तर रिकामी! डबीत चार मिरे टाकायचे असतात, नाहीतर कापूर उडून जातो. ते काम तिचं. महिनाभर ती अंथरुणावर, मिरे कोण टाकणार?

शेजारचा रावजी म्हणाला, मी आणतो, सुतकातल्या माणसानं बाहेर पडू नये. त्याचं बरोबर होतं. पण मला तिच्याजवळ बसवेना. रडूही येईना. अंग नुसतं बधिर. उठलो नि निघालो.

पलीकडच्या गावात वाण्याला उठवलं, पुडी घेतली, बंडीच्या खिशात टाकली. परत यायला लांबची वाट होती, बरं का. मी जवळची धरली, झाडाखालची. का धरली, विचारू नका.

आधी वास आला. पाला चुरगळल्याशिवाय एवढा वास येत नाही. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मग खोडावर ज्योत दिसली. पांढरी. धूर नाही, ऊब नाही. खिशात हात घातला तर पुडी निम्मी! दोरा बांधलेला तसाच. चाललो. पुन्हा चाचपली. चारच वड्या. सगळा उडाला तर सकाळी सुंदराला काय लावू? भराभर पाय उचलले.

आणि मागून हाक आली. तिच्याच आवाजात.

"दाजीबा, कापूर नेऊ नकोस. मला जाळू नकोस. मागं बघ, मी इथंच आहे."

अरे, तेवीस वर्षांच्या संसारात सुंदरानं माझं नाव घेतलं नव्हतं. लग्नात एकदा उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. ही ती नव्हे, हे कळलं मला. पण आवाज तिचा होता रे. मान अर्धी वळली होती.

आत मात्र काही हललं नाही. म्हणून पाय चालत राहिले. हाक ओढ्यापर्यंत मागं आली, ओढा ओलांडल्यावर थांबली. घरी पुडी सोडली. एक वडी उरली होती. सकाळी तीच लावली.

त्या वाटेनं अंधार पडल्यावर जाऊ नका. ज्याचं कुणी गेलंय त्यानं तर मुळीच नाही. दाजीबा छातीचा म्हणून सुटला, असं रावजी गावभर सांगायचा. खोटं आहे ते. मी बधिर होतो म्हणून सुटलो. तेराव्याच्या पानावर पहिला घास उचलला आणि रडू फुटलं, ते अजून थांबलेलं नाही.

आता हाक आली तर मी मागं बघीन.